मराठी मिडीयमवाल्यांनी इंग्रजी निबंध लिहायला कुठून सुरुवात करायची

जून-जुलै आला की ओळखीतली, नात्यातली मुलं माझ्याकडे यायला लागतात. कुणाला परदेशी जाण्यासाठीची आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असते, कुणाला युपीएससीचा तो इंग्रजीचा पात्रता पेपर, कुणी बारावीनंतर इंग्रजी मिडीयमच्या कॉलेजात गेलेलं असतं आणि पहिल्याच असाइनमेंटला हादरलेलं असतं. प्रश्न सगळ्यांचा एकच, ताई ग्रामर कच्चं आहे, कुठलं पुस्तक घेऊ?

पुस्तक नंतर घ्या. आधी माझी गोष्ट सांगते म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात २००० साली सुरू झालं, त्याच्या आधीची मी. कॉलेजात पहिला निबंध लिहून दिला तो परत आला तेव्हा पानभर लाल गोल आणि खाली फक्त एक ओळ, ग्रामर सुधारा. काय सुधारा ते नाही, कसं सुधारा ते नाही. रडू आलं होतं खरंच. पण रात्री बसून ते गोल मोजले, एक्केचाळीस निघाले, आणि मग एकेक गोल कशाचा आहे ते बाजूला लिहीत गेले तर लक्षात आलं की चुका एक्केचाळीस नव्हत्याच, सहा होत्या, त्याच सहा परत परत. आणि त्या सहापैकी पाच सरळ मराठीतून आलेल्या.

मला हेच सांगायचंय. तुमच्या चुका मोजक्या आहेत आणि त्या कुठून येतात ते तुम्हाला शोधता येतं, कारण मराठी तुम्हाला येतेच. म्हणून मराठी विसरून जा, इंग्रजीतच विचार करा वगैरे जे सांगतात ते मला अजिबात पटत नाही.

आधी एक पान लिहा

कशावरही लिहा, काल दिवसभर काय केलं, गावाकडचं घर, काहीही. मोबाईल बाजूला, गुगल ट्रान्सलेट नाही, चॅटजीपीटी नाही, स्पेलिंग अडलं तर अडू दे. साधारण दीडशे शब्द. मग ज्याला इंग्रजी बरं येतं त्याच्याकडून चुकांना नुसत्या खुणा करून घ्या, दुरुस्त करून घेऊ नका. हे महत्त्वाचं आहे, कारण दुरुस्त केलेलं वाक्य आपण वाचतो, हो हो बरोबर म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक करतो. कुणी माणूस नसेल तर ॲपला विचारा पण असं विचारा की फक्त चुकीच्या जागा दाखव, बरोबर काय ते सांगू नकोस.

एक वही करा, शंभर पानी पुरे. तीन रकाने आखा, मी काय लिहिलं, काय हवं होतं, आणि ही चूक मराठीतल्या कशामुळे झाली. तिसरा रकाना भरायचा कंटाळा येतो सगळ्यांना, पण खरं काम तोच करतो.

आता त्या तिसऱ्या रकान्यात बहुतेकांच्या काय काय निघतं ते बघू.

काल गेलो होतो

काल मी पुण्याला गेलो होतो. मराठीत एकदम बरोबर वाक्य, रोज बोलतो आपण. म्हणून मूल लिहितं, आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे. इंग्रजीत इथे साधं आय वेंट टू पुणे यस्टरडे लागतं. हॅड गॉन कधी, तर भूतकाळातल्या दोन गोष्टी असतील आणि त्यातली आधीची सांगायची असेल तर. मी स्टँडवर पोचले तोवर एसटी गेली होती, इथे द बस हॅड लेफ्ट बरोबर आहे, कारण आधी बस गेली, मग मी पोचले. एकटीच गोष्ट असेल, बाजूला काल, परवा, गेल्या वर्षी असं काही असेल, तर हॅड खोडा. माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत एवढी एकच खोडाखोड केली तरी पान अर्धं साफ होतं.

याच्याच शेजारची दुसरी चूक. मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते. मराठीत राहते हा वर्तमानकाळ आणि पासून, म्हणून आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स. हवं काय, आय हॅव लिव्हड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स. आपला पासून दोन्हीकडे चालतो, पाच वर्षांपासून आणि २०१९ पासूनही. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर फॉर, कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स. आणि तेव्हा सुरू झालेलं अजून चालू आहे म्हणून हॅव लिव्हड, किंवा हॅव बीन लिव्हिंग.

वडील आणि केस

ही चूक मला फार आवडते दाखवायला, कारण मुलांचा चेहराच उजळतो. माय फादर वर्क इन अ बँक. एस का सुटला? आपण वडील काम करतात म्हणतो ना, करतो नाही म्हणत. आदरार्थी अनेकवचन. डोक्यात वडील अनेकवचनी बसलेत म्हणून हात वर्कला एस लावत नाही. इंग्रजीत बाबा कितीही मोठे असले तरी एकच, माय फादर वर्क्स.

शिवाय मराठीत अनेक जण असले की क्रियापद लांबतं, तो जातो, ते जातात. इंग्रजीत नेमकं उलटं, एकट्याला शेपूट, ही गोज, आणि सगळ्यांना काही नाही, दे गो. हे एकदा डोक्यात घट्ट बसवलं की निम्मा एसचा घोळ संपतो. तसंच केस. माझे केस काळे आहेत, म्हणून माय हेअर्स आर ब्लॅक. हवं माय हेअर इज ब्लॅक. पैसे अनेकवचनी, मनी एकवचनी. उलट कात्री आपल्याकडे एक, सिझर्स तिकडे अनेक. आणि माहिती, सल्ला, सामान, फर्निचर यांना तिकडे एस लागतच नाही, इन्फर्मेशन्स, ॲडव्हाइसेस असं लिहू नका. शंका आली तर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची डिक्शनरी इंटरनेटवर फुकट आहे, तिथे नाम मोजता येतं की नाही ते शब्दाच्या बाजूलाच दिलेलं असतं.

त, ई, आ

सप्तमीचे प्रत्यय शाळेत घोकले होते ना, त ई आ. सकाळी, सोमवारी, रात्री, तिन्हीला शेवटी एकच ई. इंग्रजीत तीन वेगळी घरं, इन द मॉर्निंग, ऑन मंडे, ॲट नाइट. म्हणजे इथे मराठीवरून अंदाज बांधताच येत नाही, पाठच करावं लागतं, पण एकेक शब्द सुटा पाठ करू नका, पूर्ण जोडी तोंडात बसवा. दिवस आणि तारखेला ऑन, महिना आणि वर्षाला इन, घड्याळाच्या वेळेला ॲट, एवढ्यावर बराच काळ निभावतं.

तृतीयेचा शी असाच फसवतो. त्याच्याशी लग्न झालं, म्हणून मॅरीड विथ हिम. बरोबर मॅरीड टू हिम. त्याच्याशी बोलले, टॉक्ड टू हिम. त्याच्याशी सहमत आहे, इथे मात्र ॲग्री विथ हिम. आणि काही ठिकाणी आपण काहीतरी लावतो म्हणून तिकडेही लावतो, विषयाबद्दल चर्चा केली, डिस्कस्ड अबाउट द टॉपिक. तिथे काहीच नको, डिस्कस्ड द टॉपिक. खोलीत शिरलो, एंटर्ड द रूम, इन नको. पुण्याला पोचलो, रीच्ड पुणे, टू नको.

जरी आला की तरी येतोच

मराठीत जोड्या असतात. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जर-तर, कारण सांगितलं की म्हणून. एक आला की कानाला दुसरा हवाच असतो. म्हणून ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट. इंग्रजीला एकच पुरतो. ऑल्दो ठेवा नाहीतर बट ठेवा, दोन्ही नको. तसंच ॲज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड ॲट होम, यातला एक काढा. तुमच्या पानावर ऑल्दो दिसला की पुढच्या स्वल्पविरामाच्या पलीकडे बट लपलाय का बघा, बहुतेक वेळा लपलेला असतोच.

विरामचिन्हांचं म्हणाल तर आपला स्वल्पविराम, पूर्णविराम इंग्रजीवरूनच आलेला आहे, मराठीत तो रुळवण्याचं श्रेय ब्रिटिश काळातले कोशकार मेजर कँडी यांना देतात. पण एक फरक पडलाय. मराठीत आपण दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडत जातो, मीही इथे तेच करतेय, कुणाला खटकत नाही. इंग्रजी निबंधात खटकतं. दोन पूर्ण वाक्यं असतील तर मध्ये पूर्णविराम द्या किंवा अँड, बट, सो असलं काहीतरी घाला. सुरुवातीला तर पूर्णविरामच द्या, छोटी वाक्यं म्हणजे कच्चं इंग्रजी असं काही नसतं.

आणि एक चूक आहे ती मात्र मराठीची नाही, शाळेतल्या पाठांतराची आहे. आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह. प्रश्न म्हटलं की डू-डज, असं घोकल्यामुळे होतं. वाक्याच्या पोटात प्रश्न गेला की तो प्रश्न राहत नाही, आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज. इथे उलट मराठीच वाचवते, तो कुठे राहतो मला माहीत नाही, त्यात राहतो सरळच आहे.

अ, ॲन, द साठी आटपाट नगर

आता सगळ्यात त्रासाचा भाग. मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून एक तर आपण ती लावत नाही नाहीतर घाबरून सगळीकडे द लावतो. मी शिकवते ते असं.

आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. लहानपणी श्रावणात ऐकलेल्या कहाण्या अशाच सुरू व्हायच्या. आता बघा, पहिल्यांदा एक राजा, कारण ऐकणाऱ्याला तो माहीत नाही. दुसऱ्यांदा त्या राजाला, कारण आता ओळख झाली. इंग्रजीत तेच, देअर वॉज अ किंग. द किंग हॅड टू क्वीन्स. म्हणजे प्रत्येक नामापाशी थांबून विचारा, वाचणाऱ्याला कुठला ते कळतंय का? कळत नसेल आणि एकच असेल तर अ. कळत असेल तर द. आणि जगातल्या सगळ्याच राजांबद्दल बोलत असाल, राजे लहरी असतात, तर काहीच नको, किंग्ज आर मूडी. निबंधात हा तिसरा प्रकार सारखा येतो, पीपल, स्टुडंट्स, एज्युकेशन, पोल्युशन, आणि नेमका तिथेच मुलं द एज्युकेशन लिहून ठेवतात.

गावांच्या नावाआधी काही नाही, नुसतं पुणे, नुसतं नागपूर, पण नदीला द लागतो, द गोदावरी.

अ की ॲन, हे तर देवनागरीवाल्यांना इतरांपेक्षा सोपं जायला हवं. स्पेलिंग बघू नका, शब्द देवनागरीत लिहून बघा. स्वराने सुरू झाला तर ॲन, व्यंजनाने झाला तर अ. अवर, म्हणून ॲन अवर, स्पेलिंगमध्ये एच असला तरी. युनिव्हर्सिटी, य आला, म्हणून अ युनिव्हर्सिटी. वनडे मॅच, व आला, म्हणून अ वनडे मॅच. एमबीए, ए आला, म्हणून ॲन एमबीए डिग्री. एकाच ठिकाणी जपा, वर्षाला आपण इयर लिहितो पण खरा उच्चार यिअर असा आहे, त्यामुळे अ यिअर. कानाचा तो ॲन इअर.

एवढं सगळं एकदम करू नका. एका आठवड्यात एकच चूक धरा. पहिल्या आठवड्यात फक्त हॅड, दुसऱ्यात फक्त एस. रोज आठ ओळी लिहा आणि त्या आठवड्याची चूक सोडून बाकीच्यांकडे बघूसुद्धा नका. सहा-सात आठवडे जातील, जाऊ दे. या काळात वाचनही चालू ठेवा, पण अवघड अग्रलेखापासून सुरुवात नको. सकाळी जी बातमी मराठी पेपरात वाचली तीच संध्याकाळी इंग्रजीत वाचा, काय झालंय ते माहीत असतं त्यामुळे डिक्शनरी उघडावी लागत नाही आणि लक्ष वाक्याच्या बांधणीकडे जातं. त्यातला पाच ओळींचा एक तुकडा मराठीत उतरवा, दोन दिवस जाऊ द्या, मग आपल्या मराठीवरून परत इंग्रजीत आणा आणि मूळ तुकड्याशी ताडून बघा. जिथे जिथे फरक पडला ते वहीत जाईल.

आता निबंध

शाळेत आपण पावसाळ्यातील एक दिवस, सूर्य उगवला नाही तर, असे निबंध लिहिले. सुरुवात सुविचाराने नाहीतर कवितेच्या ओळीने, मग वर्णन, मग कल्पना, आणि आपलं मत आलंच तर शेवटी. त्या लिखाणाला त्याची गोडी आहे आणि मला ते आवडतं. पण परीक्षेतला इंग्रजी निबंध वेगळी चीज आहे. तिथे मत आधी, मग कारण, मग उदाहरण. वाचणाऱ्याला पहिल्या तीन-चार ओळींत कळलं पाहिजे की तुम्ही कुठल्या बाजूला आहात.

म्हणून आराखडा मराठीत करा. खरंच मराठीत. समजा विषय आहे, गावातल्या तरुणांनी कामासाठी शहरात जावं का. आईला फोनवर सांगाल तसं एका वाक्यात सांगा, जावं, पण कायमचं नको, कारण गावात काम नाही आणि शहरात घर परवडत नाही. झालं, हेच तुमच्या निबंधाचं मुख्य वाक्य. यातून तीन परिच्छेद दिसतात, गावात काम नाही, शहरात परवडत नाही, मग काय करावं. प्रत्येकाखाली एक उदाहरण लिहा, तुमच्या ओळखीतलं खरं उदाहरण, अमेरिकेतलं ऐकीव नको. फक्त आराखडा मराठीत ठेवायचा आणि वाक्यं मात्र थेट इंग्रजीत, तुम्हाला येतात तेवढ्याच शब्दांत. मराठीत सुंदर लांब वाक्य लिहून मग ते भाषांतरित करायला बसलात तर वरच्या सगळ्या चुका एका रांगेत परत येतात.

एका मुलाने या विषयावर लिहिलेला तुकडा बघा. नाऊ अ डेज पीपल आर गोइंग टू सिटी. इन व्हिलेज देअर इज नो जॉब्स. ऑल्दो सिटी इज एक्स्पेन्सिव्ह, बट दे आर गोइंग. माय ब्रदर हॅड गॉन टू पुणे लास्ट इयर. ही इज लिव्हिंग देअर सिन्स वन इयर.

त्याला मी काही सांगितलं नाही, वही उघडायला लावली. अर्ध्या तासात त्याने स्वतः केलं ते असं. मेनी यंग पीपल लीव्ह देअर व्हिलेजेस बिकॉज देअर आर व्हेरी फ्यू जॉब्स. ऑल्दो द सिटी इज एक्स्पेन्सिव्ह, दे स्टिल गो. माय ब्रदर मूव्हड टू पुणे लास्ट इयर. ही हॅज लिव्हड देअर फॉर अ यिअर, अँड हाफ हिज सॅलरी गोज टू रेंट. शेवटचा भाड्याचा तुकडा त्याने स्वतःहून जोडला, ग्रामरचा धाक कमी झाला तशी त्याला सांगायची गोष्ट आठवली. मला तो निबंध त्या एका ओळीसाठी लक्षात आहे.

परीक्षेचं म्हणाल तर आयईएलटीएसच्या लेखनाच्या पेपरला एक तास असतो, त्यात दुसरा टास्क म्हणजे निबंध, किमान २५० शब्द, त्याला साधारण ४० मिनिटं द्यायची आणि पहिल्या टास्कपेक्षा त्याला दुप्पट वजन. तपासताना चार गोष्टी बघतात, प्रश्नाचं उत्तर दिलंय का, मुद्दे एकात एक गुंफलेत का, शब्द, आणि ग्रामर. चौघांना सारखं वजन आहे. म्हणजे ग्रामर पाव हिस्सा, आणि आपली मुलं शंभर टक्के भीती त्याच पाव हिश्शाची बाळगतात आणि प्रश्न नीट वाचतच नाहीत. पाठ केलेले निबंधही चालत नाहीत, तपासणाऱ्यांना ते ओळखता येतात. युपीएससीच्या मुख्य परीक्षेतला २५० गुणांचा निबंधाचा पेपर तर मराठीत लिहिता येतो, तिथे इंग्रजीचा तो ३०० गुणांचा पेपर फक्त पात्रतेसाठी असतो, २५ टक्के मिळाले की पुढे. त्यासाठी अवघड शब्दांचे गठ्ठे पाठ करणं मला वेळेचा अपव्यय वाटतो, साधं, स्वच्छ, बरोबर लिहा.

४० मिनिटांतली पहिली सहा-सात आराखड्याला द्या, मन धजत नाही पण द्या. शेवटची पाच तपासायला राखून ठेवा, आणि तपासताना निबंध वरून खाली वाचू नका, कारण आपलंच लिहिलेलं असतं, अर्थ ओढत नेतो आणि डोळा चुकीवरून घसरतो. शेवटच्या वाक्यापासून सुरू करून एकेक वाक्य वर वर या. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांवर बोट ठेवा, हॅड नको तिथे आलाय का, वडिलांना एस लागलाय का. दुसऱ्या फेरीत नामांवर बोट ठेवा आणि आटपाट नगरातला प्रश्न विचारा, कुठला ते वाचणाऱ्याला कळतंय का. तिसरी फेरी फक्त ऑल्दोसाठी, त्याला अर्धं मिनिट पुरतं.